‘नेव्हरएंडिंग स्टोरी’ पुन्हा वाचताना: खरं पुस्तक तेराव्या प्रकरणापासून?

अर्धविराम

मिखाएल एंडेची ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ इथल्या बऱ्याच जणांनी शाळेत असताना वाचली असेल, निदान १९८४ चा सिनेमा तरी पाहिला असेल. मूळ जर्मन पुस्तक १९७९ चं, राल्फ मॅनहाइमचा इंग्रजी अनुवाद १९८३ चा. मी नुकतीच पुन्हा वाचून काढली आणि तेव्हापासून कुणाशी तरी भांडावंसं वाटतंय, म्हणून हा धागा. शेवटापर्यंत सगळं फोडणार आहे. वाचायची बाकी असेल तर इथूनच मागे फिरा.

माझं म्हणणं असं, की लहानपणी आपण जिच्यावर जीव टाकला ती पहिल्या बारा प्रकरणांची गोष्ट. शाळेच्या माळ्यावर लपून चोरलेलं पुस्तक वाचणारा बॅस्टियन, त्या पुस्तकातलं फँटास्टिका हे राज्य गिळत चाललेलं ‘काहीच नाही’, त्यावर इलाज शोधायला निघालेला अत्रेयू हा मुलगा, दैवी ड्रॅगन फाल्कोर, आणि शेवटी आजारी बालसम्राज्ञीला नवं नाव देऊन बॅस्टियनचं पुस्तकात उतरणं. सिनेमाही तिथेच संपतो. पण पुस्तकाची प्रकरणं आहेत सव्वीस! म्हणजे राज्य वाचलं तेव्हा आपण अर्ध्यावरही आलेलो नसतो.

उरलेल्या चौदा प्रकरणांत काय होतं? वाचणारा मुलगा नायक होतो आणि नायक झाल्यावर हळूहळू वाया जातो. गळ्यात ऑरिन हे पदक, त्यावर कोरलेलं ‘तुला हवं ते कर’. मागेल ते मिळतं, फक्त प्रत्येक इच्छेमागे आपल्या जगातली एकेक आठवण पुसली जाते. देखणा होतो, तर आपण जाडे आणि फेंगड्या पायांचे होतो हे विसरतो. पुढे शाळेत पोरं चिडवायची हेही विसरतो. वाचताना आधी वाटतं, बरं झालं, असल्या आठवणी हव्यात कुणाला? एंडे नेमका तिथेच पकडतो. आधी जातात त्या सगळ्या नकोशा आठवणी. आई-वडिलांची पाळी येते तोवर, आपलं काही हरवतंय हे कळण्यापुरतीही आठवण त्याच्याकडे उरलेली नसते.

लहानपणी हा भाग मला नुसता लांबलेला वाटायचा. आता पहिला भाग छान प्रस्तावनेसारखा वाटतो. तुमचं काय?

घुबड

धागा आवडला, मुद्दा अर्धाच पटला.

दुसऱ्या भागात भटकंती जास्त आहे. रात्री उगवणारं पेरेलिनचं जंगल, मग रंगीत वाळूचं गोआब, मग रुपेरी शहर अमरगांथ, मग आणखी कुठेतरी. एकेक कल्पना भन्नाट, पण एकीला काढून दुसरीच्या जागी ठेवली तरी फारसं बिघडणार नाही. पहिल्या भागात तसं नाही. मोर्ला ही म्हातारी कासवीण भेटल्याशिवाय दक्षिणेच्या देववाणीचा पत्ता लागत नाही आणि देववाणी ऐकल्याशिवाय नवं नाव माणसाच्या पोरानेच द्यायला हवं हे कळत नाही. एक कडी दुसरीत अडकलेली. लहान मुलांना तो भाग आवडतो याचं कारण त्यांना कमी कळतं हे नाही. तो बांधेसूद आहे, म्हणून आवडतो.

आणि पुनर्वाचनात मला सगळ्यात जास्त हलवलं ते पहिल्याच भागाने. भुताटकीच्या शहरात साखळीला बांधलेला ग्मोर्क नावाचा लांडगा. ‘काहीच नाही’त उडी मारणाऱ्यांचं पुढे काय होतं, असं अत्रेयू विचारतो. ग्मोर्क सांगतो, की ते माणसांच्या जगात जातात आणि तिथे असत्य बनून राहतात. माणसांना जे नाही ते आहे असं वाटायला लावतात, आणि मग त्या माणसांना हवं तसं वाकवता येतं. शाळेत वाचलं तेव्हा हे पान मी बहुतेक पुढे काय होतं या घाईत उलटलं असणार. आता त्या पानावरून उठवेना.

त्यातच एक बारीक गोष्ट बघा. अत्रेयू जवळ जातो तेव्हा तो लांडगा मेलेला असतो, तरी त्याचा जबडा अत्रेयूच्या पायावर मिटतो. बाहेर ‘काहीच नाही’ शहराला गिळत आलेलं, त्याची ओढ अशी की भलेभले आपणहून उडी घेतायत. अत्रेयू वाचतो तो केवळ त्या जबड्यामुळे. शत्रूचे दात त्याला जागेवर धरून ठेवतात. असलं काही दुसऱ्या भागात दाखवा.

निळी शाई

दाखवते की, घुबड. अखारिसांचं घ्या.

हे जमिनीखाली राहणारे, दिसायला अतिशय कुरूप प्राणी. आपल्या रूपाची लाज वाटून रात्रंदिवस रडतात, आणि त्या आसवांनी माती धुऊन जी चांदी निघते तिची नाजूक जाळीदार नक्षी घडवतात. अमरगांथ शहर त्यांच्याच चांदीवर उभं आहे. बॅस्टियनला त्यांची दया येते. खरं म्हणजे दयेपेक्षाही, आपण किती दयाळू आहोत हे जगाला दिसावं असं वाटतं. तो त्यांना श्लामूफ करून टाकतो. विदूषकासारखे रंगीबेरंगी, पतंगासारखे उडणारे, कायम खिदळणारे जीव. रडणं गेलं आणि हातातलं काम पण गेलं. आपणच घडवलेल्या चांदीची ते मोडतोड सुरू करतात.

आता तुमच्या साखळीचं. पंचविसाव्या प्रकरणात बॅस्टियनकडे फक्त स्वतःचं नाव उरलेलं असतं. चित्रांच्या खाणीत, काळ्याकुट्ट अंधारात दिवसेंदिवस खपून त्याला एक चित्र सापडतं, त्याच्यासाठी घरी जायचा एकुलता एक धागा. ते चित्र कोण मोडतं? हेच श्लामूफ! ‘तू आम्हाला असं केलंस, आता आमचा पुढारी हो’ म्हणून त्याच्याभोवती कल्ला करत येतात आणि त्या गोंगाटाने चित्राचा चुरा होतो. अठराव्या प्रकरणात पेरलेलं पंचविसाव्यात उगवलं. याला सुटी सुटी भटकंती कसं म्हणायचं?

चौकस

थोडी पूरक माहिती, चर्चा तापलीच आहे तर.

सव्वीस हा आकडा उगाच आलेला नाही. प्रत्येक प्रकरण रोमन वर्णमालेतल्या एकेका अक्षराने सुरू होतं, क्रमाने, ए पासून झेडपर्यंत. पहिल्या आवृत्तीत ती आद्याक्षरं रोस्विथा क्वाडफ्लीग या चित्रकर्तीने पानभर रंगवली होती. मजकूर दोन रंगांत, माणसांचं जग लाल शाईत आणि फँटास्टिका हिरव्या शाईत. कथेतलं पुस्तकही हुबेहूब असंच आहे, तांब्याच्या रंगाच्या रेशमी बांधणीतलं, वर एकमेकांची शेपटी धरलेले दोन साप. म्हणजे बॅस्टियनच्या हातात जे आहे तेच आपल्या हातात. स्वस्त पेपरबॅकमध्ये दोन रंगांच्या जागी तिरका ठसा येतो आणि यातली निम्मी गंमत जाते. जमलं तर दुरंगी आवृत्तीच मिळवा.

सिनेमाबद्दल: एंडेला तो अजिबात रुचला नव्हता. सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून त्याने आपलं नाव काढायला लावलं, कोर्टातही गेला, पण निकाल विरोधात गेला.

कोपऱ्यातला

इतके दिवस इथे नुसता वाचनमात्र होतो, या धाग्याने लिहितं केलं.

अर्टॅक्सबद्दल कुणीच कसं काही बोललं नाही? दुःखाच्या दलदलीत बुडणारा अत्रेयूचा घोडा. सिनेमात तो मुका आहे. अत्रेयू लगाम ओढतो, ओरडतो, रडतो, आणि आमच्या पिढीतल्या समस्त पोरांच्या काळजाचं पाणी होतं. पुस्तकात अर्टॅक्स बोलतो. तो अत्रेयूला सांगतो की पाऊलागणिक मनातलं दुःख वाढतंय, आता जगायची इच्छाच उरलेली नाही. अत्रेयूवर त्या दलदलीचा परिणाम होत नाही कारण त्याच्या गळ्यात ऑरिन आहे. ते मी तुझ्या गळ्यात घालतो असं तो म्हणतो तेव्हा घोडाच नको म्हणतो, ते तुला दिलंय, दुसऱ्याला द्यायची तुला परवानगी नाही. आणि शेवटी विनवतो की तू आता जा, मला अशा अवस्थेत बघू नकोस.

सिनेमातला प्रसंग जास्त रडवतो, मान्य. पण पुस्तकातला मागाहून जास्त दिवस पुरतो. बुडणारा शुद्धीवर आहे, विचार करून बोलतोय आणि समोरच्याला सोडवतोय. खोल नैराश्यात असलेल्या माणसाशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना हा संवाद किती अचूक आहे ते कळेल. हे लिहिणाऱ्याने ‘मुलांसाठी’ म्हणून काहीही पातळ केलेलं नाही.

घुबड

निळी शाई, श्लामूफांचा मुद्दा बिनतोड. तेवढ्यापुरती तलवार म्यान.

पण तलवारीवरून आठवलं, सिकांडा! ग्राओग्रामान हा रंगीत मृत्यू, वाळवंटाचा सिंह, रोज रात्री दगड होतो आणि पहाटे जिवंत. तो बॅस्टियनला बजावून सांगतो की ही तलवार आपणहून हातात आली तरच वापर, ओढून काढू नकोस. आणि पुढे हस्तिदंती मनोऱ्याच्या लढाईत बॅस्टियन ती गंजक्या म्यानातून जोर लावून उपसतो, तीही अत्रेयूवर! ज्याचं नाव वाचत आपण मोठे झालो त्याच्या छातीवर वार आपल्यासारख्याच एका वाचकाने करायचा. हे मला तेव्हाही आवडलं नव्हतं, आताही नाही. मला वाटतं एंडेने इथे वाचणाऱ्या पोराचा फार निर्दयपणे विश्वासघात केलाय.

अर्धविराम

घुबड, विश्वासघात वाटतो ना? तोच तर हेतू असणार. आपण बारा प्रकरणं बॅस्टियनच्या खांद्यावरून वाचत आलोय. तो आपलाच माणूस. त्याला बालसम्राट व्हायचंय, बालसम्राज्ञीच्याच गादीवर बसायचंय, हे वाचताना लाज वाटते ती त्याची नाही, आपली वाटते.

आणि हे एका रात्रीत होत नाही, याकडे बघा. जादूगारीण झायीडे त्याला कधी वाईट काम करायला सांगत नाही. ती फक्त त्याची बाजू घेते. अत्रेयू काळजीने बोलला की ही म्हणते, महाराज, तो तुम्हाला कमी लेखतो. तिच्या फौजेतले चिलखती शिपाई आतून पोकळ आहेत, तिच्या इच्छेवर चालतात. पोकळ वस्तूच आपल्या इच्छेने हलते, असं तीच सांगते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच प्रकाश पडायला हवा, पण बॅस्टियन तोवर पुरता पोकळ होत आलेला असतो. हे सगळं एंडेने कुठेही समजावून सांगितलेलं नाही, हे मला फार आवडलं.

त्या लढाईनंतरचं प्रकरण कुणाला आठवतं? जुन्या सम्राटांचं शहर?

जुनीपानं

आठवतं म्हणजे काय! मला अजून त्याची धास्ती आहे.

बॅस्टियनसारखीच आपल्या जगातून आलेली, आठवणी संपून गेलेली माणसं तिथे राहतात. आठवणी संपल्या की इच्छाही संपतात, कारण माणूस इच्छा करतो ती मागचं काहीतरी आठवून. अंगावर काहीबाही गुंडाळलेलं, घरं कशीतरी रचलेली, कुणी नसलेली बाई शोधतंय, कुणी रिकामी गाडी ओढतंय. त्यांची देखभाल अर्गाक्स नावाचं एक माकड करतं. त्याने त्यांना एक खेळ दिलाय, अक्षरं कोरलेले फासे टाकत राहायचं. बहुतेक वेळा निरर्थक अक्षरं पडतात. क्वचित एखादा शब्द जमतो. अर्गाक्स म्हणतो, अनंत काळ टाकत राहिलं तर कधीतरी जगातली सगळी काव्यं, सगळ्या गोष्टी आपोआप पडतील, ही गोष्टसुद्धा.

हे १९७९ साली लिहिलंय. आज कुठल्या यंत्राची आठवण होते ते मी लिहीत नाही, धागा भलतीकडे जाईल.

पुनर्वाचनात जाणवलेली वेगळी गोष्ट म्हणजे त्या जागेचा क्रम. बॅस्टियनला बालसम्राट व्हायचं होतं आणि या शहरातले सगळे एकतर सम्राट झालेले किंवा व्हायला निघालेले. त्याला शिक्षा होत नाही. त्याला फक्त आधी आलेले लोक दाखवले जातात.

चौकस

चित्रांच्या खाणीवरून एक सांगायचं राहिलं. मिखाएलचे वडील एडगर एंडे अतिवास्तववादी चित्रकार होते. १९३६ पासून नाझी राजवटीने त्यांच्यावर चित्रं काढायची बंदी घातली. त्यांची कामाची रीत अशी, की खोलीत अंधार करून पडून राहायचं, मनात चित्र येईपर्यंत थांबायचं आणि आलं की अंधारातच टिपून ठेवायचं.

आता पंचविसाव्या प्रकरणातला योर आठवा. आंधळा खाणकामगार. खरं तर उजेडात आंधळा, अंधारात त्याला दिसतं. बर्फाळ माळाखालच्या खाणीतून तो माणसांची विसरलेली स्वप्नं काढतो, अभ्रकासारख्या पातळ पापुद्र्यांवर उमटलेली चित्रं. मुलाने आपल्या वडिलांच्या त्या अंधाऱ्या खोलीलाच जमिनीखाली नेलंय, असं मला वाटतं. आणि बॅस्टियनला तिथे सापडतं तेही वडिलांचंच चित्र.

निळी शाई

चौकस, हे माहीत नव्हतं. आता ते प्रकरण तिसऱ्यांदा वाचावं लागणार.

ते चित्र कसं आहे तेही लिहिते, कारण मला ते पुस्तकातलं सगळ्यात शांत आणि सगळ्यात जड वर्णन वाटतं. पांढरा कोट घातलेला एक माणूस, हातात दातांची प्लास्टरची कवळी, उभ्याउभ्या पारदर्शक बर्फात गोठलेला. बस्स. बॅस्टियनचे वडील दातांच्या कवळ्या बनवतात हे आपल्याला सुरुवातीलाच कळलेलं असतं. आई गेल्यापासून ते घरात असून नसल्यासारखे झालेत हेही. बॅस्टियनला मात्र हा माणूस कोण ते ठाऊक नाही. तो फक्त बघतो आणि त्याला त्याच्यासाठी जीव तुटावा असं वाटतं. त्या एका ओढीच्या बदल्यात तो आपलं शेवटचं, म्हणजे स्वतःचं नाव देऊन बसतो.

लहानपणी मी हे बॅस्टियनच्या बाजूने वाचलं होतं. आता घरात आमच्याकडे तिघं आहेत, एक जण पुस्तक वाचायच्या वयाचा. यावेळी मी पूर्ण वेळ बर्फातल्या माणसाच्या बाजूने वाचलं. पुस्तकात त्याच्या वाट्याला मोजकी पानं आहेत. शेवटी पोरगा परत येतो, सगळं सांगतो, बाप ऐकतो आणि रडतो. आपण वडिलांसाठी जीवनजल आणलंय हे बॅस्टियनला तेव्हा कळतं.

कोपऱ्यातला

नाव गेल्यावर जीवनजलापर्यंत तो पोचतो कसा, हेही यायला हवं. राखणदार साप नाव विचारतात, बॅस्टियनला सांगता येत नाही. सांगतो अत्रेयू. ज्याच्यावर त्याने वार केला तो. मग दुसरी अट: फँटास्टिकात जितक्या गोष्टी तू सुरू केल्यास त्या पूर्ण केल्यास का? तर कुठली एकही नाही. अत्रेयू म्हणतो, त्या मी पूर्ण करीन.

घुबड, तुमच्या विश्वासघाताच्या तक्रारीचं उत्तर मला इथे दिसतं. वाचकाने नायकाला जखमी केलं आणि नायकाने वाचकाच्या अर्धवट गोष्टी अंगावर घेतल्या.

चौकस

याला जोडून: लिहिताना खुद्द एंडे इथे अडकून पडला होता. त्याच्याकडे आधी जे टिपण होतं ते एका ओळीचं, की एक मुलगा वाचता वाचता अक्षरशः गोष्टीत शिरतो आणि त्याला बाहेर पडणं कठीण जातं. शंभरेक पानांचं काम वाटलं होतं. मग बॅस्टियन आत गेला आणि बाहेर यायचा रस्ताच लेखकाला सापडेना. गळ्यातलं ऑरिन हेच दार आहे, हे सुचायला बराच काळ गेला. ते ओझं काढून ठेवलं की तिथेच वाट निघते.

घुबड

बरं, बरं. सगळ्यांनी मिळून घेरलंय म्हटल्यावर शेवटची तीन प्रकरणं मी तुमच्या पारड्यात टाकतो. मधलं यस्कालनारींचं धुक्यातलं गलबत पण घ्या. सगळे खलाशी एकसारखे, कुणी ‘मी’ म्हणत नाही, एकाला पक्षी उचलून नेतो तर कुणाला त्याचं काही वाटत नाही, आणि तिथे बॅस्टियनला कळतं की आपल्याला आपण म्हणूनच कुणीतरी जीव लावायला हवाय. ते मस्तच.

पण वीर हिनरेकचं काय? ज्याच्यासाठी बॅस्टियन एक अख्खा ड्रॅगन जन्माला घालतो, राजकन्या पळवून नेववतो, आणि विषय तिथेच सोडून देतो. पुस्तक म्हणतं ती वेगळी गोष्ट, पुन्हा केव्हातरी सांगू. पुस्तकभर हे वाक्य येत राहतं. पहिल्यांदा गोड वाटतं, नंतर लेखक हात झटकतोय असं वाटतं.

जुनीपानं

ते बारावं प्रकरण आठवून बघा ना. भटक्या पर्वतावरचा म्हातारा घडणारी प्रत्येक गोष्ट लिहितो, की तो लिहितो म्हणून ती घडते? बालसम्राज्ञी त्याला म्हणते, सगळी गोष्ट पहिल्यापासून सांग. तो पुस्तकाच्या दुकानाच्या काचेवर उलट्या दिसणाऱ्या अक्षरांपासून सुरू करतो, मग बॅस्टियन, चोरी, माळा, अत्रेयू, पुन्हा पर्वत, पुन्हा म्हातारा, पुन्हा पहिल्यापासून. बॅस्टियन हिंमत करून ‘चंद्रकन्या’ असं नाव उच्चारेपर्यंत गोष्ट त्या फेऱ्यात अडकलेली. जी गोष्ट पूर्णच सांगायची असते ती अशी गोल गोल फिरत राहते. त्या फेऱ्यातून सुटायचं तर कुठेतरी टोकं मोकळी सोडायलाच लागतील. हिनरेक त्यातलं एक टोक.

घुबड

हे वकिली उत्तर आहे. पण आवडलं.

निळी शाई

एक व्यावहारिक प्रश्न, जाणकारांनी सांगा. मोठ्याने वाचून दाखवायचं झालं तर बाराव्यानंतर थांबावं का? आमच्याकडे आम्ही अठराव्यावर आहोत, आणि पोरगा बॅस्टियनवर इतका चिडलाय की काल पुस्तक मिटून ठेवलं. म्हणतो, अत्रेयूचं पुढे काय होतं तेवढंच सांग, त्या दुसऱ्याचं नको.

अर्धविराम

थांबू नका. त्याने चिडणं हे पुस्तक बरोबर वाचलं जात असल्याचं लक्षण. फक्त लढाईचं आणि सम्राटांच्या शहराचं प्रकरण एकाच बैठकीत उरका, त्या दोघांच्या मध्ये रात्र जाऊ देऊ नका. अत्रेयूचं विचारतोय तर इतकंच सांगा की तो शेवटच्या प्रकरणात आहे.

कोपऱ्यातला

आणि श्लामूफांच्या वेळी हसला असेल तर ते लक्षात ठेवा. पंचविसाव्याला उपयोगी पडेल.